आधी ओला कचरा वेगळा करा: गल्लीतल्या स्वच्छतेला सुरुवात कशी करावी

इंदूरला राहणाऱ्या माणसाला बाहेरगावचे नातेवाईक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. देवासची मावशी असो, धारचे काका असोत किंवा पार सांगलीकडचे व्याही असोत, बोलणे फिरून तिथेच येते: तुमच्याकडे रोज गाडी येते, सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा नेते, रात्री रस्ते झाडून निघतात, आमच्या गावात यातले काहीच नाही, तर आम्ही सुरुवात कुठून करायची? रामबागेतल्या आमच्या बावीस घरांच्या इमारतीत गेली काही वर्षे आम्ही जे करत आलो आहोत, त्यातून या प्रश्नाचे जे उत्तर माझ्या हाती लागले ते येथे मांडत आहे. जिथे गाडी आठवड्यातून एकदा येते, किंवा मुळीच येत नाही, अशा गावालाही ते लागू पडावे अशा बेताने मी ते लिहीत आहे.

बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी होते ती रंगीत डब्यांची. हिरवा आणि निळा डबा दारात येतो आणि महिनाभरात दोन्ही डब्यांत एकच मिसळलेला कचरा दिसू लागतो. आमच्याकडेही पहिल्या वेळी असेच झाले, आणि त्याचे कारण उघड होते. वेगळा केलेला कचरा पुढे कुठे जाणार हे कोणीच ठरवलेले नव्हते. ज्या कामाला पुढची वाट नाही ते काम माणूस फार दिवस करत नाही. म्हणून डबे आणण्याआधी सात दिवस नुसते वजन करावे. रद्दीवाल्याकडे असतो तसा साधा लटकता काटा पुरतो. प्रत्येक घराने आठवडाभर स्वयंपाकघरातले ओले एका बादलीत आणि बाकीचे सगळे एका गोणीत ठेवावे आणि रोज सकाळी दोन्हींचे वजन वहीत लिहावे. आमच्या इमारतीत ओला कचरा रोजचा अकरा-बारा किलो भरला आणि सुका त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. हे आमच्यापुरतेच नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शहरी कचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग अन्नाचा आणि पालापाचोळ्याचाच असतो, तर श्रीमंत देशांत हे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. ताजी भाजी निवडून, सोलून, चिरून स्वयंपाक करणाऱ्या घरांचा कचरा ओलाच असणार.

या एका आकड्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कचऱ्याला वास येतो, माश्या लागतात, कुत्री आणि डुकरे तो उपसतात, नाली तुंबते, हे सारे ओल्या भागामुळे होते. तोच ओला भाग सुक्यात मिसळला की कागद भिजतो, प्लास्टिक चिकट होते आणि रद्दीवाला ज्याला पैसे देत होता त्याला हात लावायला तयार होत नाही. उलट ओले काढून घेतले की सुक्याला घाई राहत नाही. धुतलेल्या पिशव्या, पुठ्ठे आणि बाटल्या महिनाभर कोपऱ्यात पडून राहिल्या तरी कोणाला उपद्रव होत नाही. गावात गाडी येत नसेल तर याच कारणासाठी ओल्याची सोय गल्लीतच करावी. बाकीचे प्रश्न त्यानंतर आवाक्यात येतात.

ओट्यापासून सुरुवात

ओल्या कचऱ्याचे भांडे ओट्यावरच, विळी किंवा पाटाच्या बाजूला हवे. दाराबाहेर किंवा बाल्कनीत ठेवले तर देठे हातातल्या हातात जवळच्या पिशवीत जातात. भांड्याला झाकण असावे आणि तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी घालावी. खरकटे आधी गाळणीत निथळून घ्यावे, कारण आमटीचे पाणी आणि ताक यांनी कचरा जड होतो आणि त्याच पाण्याने वास सुटतो. पिशवी वापरू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला कचरा म्हणजे वेगळा करूनही मिसळलेलाच कचरा होय, कारण ती पिशवी पुढे कोणाला तरी हाताने फाडावी लागते.

सुक्याविषयी एकच गोष्ट बारकाईने सांगतो, कारण ती सर्वांच्या घरात रोज घडते. दुधाची पिशवी उघडताना आपण तिचा कोपरा कात्रीने पूर्ण कापतो आणि तो नखाएवढा त्रिकोण मोरीत किंवा ओट्यामागे जातो. असे तुकडे कोणी वेचत नाही. ते नालीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातात आणि कधीच परत मिळत नाहीत. कोपरा अर्धाच कापावा, म्हणजे तो तुकडा पिशवीला लटकून राहतो. रिकामी पिशवी घोटभर पाण्याने विसळून, ते पाणी पोळीच्या कणकेत किंवा झाडाला घालून, पिशवी उलटी करून दोरीवर वाळत घालावी. आमच्या मजल्यावर चार घरांच्या पिशव्या एका दोरीवर वाळतात आणि महिन्याच्या शेवटी रद्दीवाला त्या वजनावर नेतो.

इंदुरात ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक कचरा आणि सॅनिटरी कचरा असे सहा भाग केले जातात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकदम सहाच्या मागे लागू नये, पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदावर लाल पेनाने ठळक फुली मारून स्वतंत्र द्यावेत. फुटलेली काच, ब्लेड, इन्सुलिनच्या सुया, ट्यूबलाइट आणि औषधांच्या बाटल्या यांसाठी झाकणाचा जाड डबा ठेवावा. हे दोन नियम कचरा हाताळणाऱ्यासाठी आहेत. आमच्या भागात गाडीवर येणाऱ्या एका ताईंच्या तळहाताला कोणा घरच्या पिशवीतल्या फुटक्या बरणीने चार टाके पडले होते. तो हात मी पाहिला आहे आणि तेव्हापासून या बाबतीत मी शेजाऱ्यांची भीड ठेवत नाही.

खताचे कप्पे

खत करण्याच्या शास्त्रात इंदूरचे नाव स्वच्छतेच्या क्रमवारीत झळकण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १९२४ मध्ये येथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचे अवशेष, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ते परतून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती दोघांच्या नावे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जगभरचे शेतकरी आजही तिला इंदूर पद्धत म्हणतात. त्या पुस्तकावर हॉवर्डच्या बरोबरीने वाडांचे नाव छापलेले आहे, हे इथल्या मराठी घरांतही फारसे कोणाला ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

आम्ही जे करतो ते याच पद्धतीचे शहरी रूप आहे. बावीस घरांच्या अकरा-बारा किलोंसाठी शेजारी शेजारी तीन कप्पे बांधावेत. प्रत्येक कप्पा साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच असावा. याहून फार लहान ढीग तापत नाही. विटा जाळीसारख्या, मध्ये फटी सोडून रचाव्यात, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळते. तळ मातीचाच ठेवावा. पुढची बाजू फळ्यांची, काढता-घालता येईल अशी असावी आणि वर पत्र्याचे उतरते छप्पर असावे. जागा बोअरिंग किंवा विहिरीपासून दूर आणि शक्यतो सावलीत निवडावी.

तळाशी वीतभर जाड काटक्या आणि नारळाच्या शेंड्या टाकाव्यात. त्यावर रोज सकाळी सर्व घरांचे ओले एकत्र करून पसरावे आणि जितक्या टोपल्या ओले, तितक्याच टोपल्या वाळलेला पालापाचोळा त्यावर घालावा. पावसाळ्यात पाचोळा दीडपट घ्यावा. हा पाचोळा हिवाळ्याच्या अखेरीस, झाडे गळतात तेव्हा, गोण्या भरून साठवून ठेवायचा असतो. रस्त्याकडेला पाला जाळला जातो त्याच दिवसांत पुढच्या वर्षभराचे हे भांडवल जमा करता येते. पाचोळा संपला तर सुताराकडचा लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा चालतो. सुरुवातीला जुने खत किंवा चार पाट्या शेण विरजण म्हणून मिसळावे. विकतच्या पावडरीची गरज नाही.

ओलावा हाताने तपासावा. ढिगाच्या आतला मूठभर माल घट्ट पिळला असता बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त आहे, आणि मूठ उघडताच माल भुरभुरला तर कमी. आठवड्याभरात ढीग आतून तापतो. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी ओढून पाहावी. हातात धरवत नसेल इतकी गरम लागली तर काम ठीक चालले आहे. ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिलेल्या ढिगात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. म्हणूनच आठवड्यातून एकदा फावड्याने कडेचा माल आत आणि आतला कडेला करणे आवश्यक आहे, एरवी कडा थंडच राहतात.

बहुतेक प्रयोग बंद पडतात ते वासामुळे. आमचा पहिला पिंप असाच बंद पडला होता: झाकण घट्ट, तळाला भोक नाही आणि आत नुसते ओले, दहाव्या दिवशी तळमजल्याच्या आजींनी खिडक्या लावून घेतल्या आणि पिंप उचलावा लागला. कुजके अंडे किंवा आंबट गटारासारखा वास आला तर आत हवा पोचत नाही असे समजावे. ढीग उलटून भरपूर पाचोळा मिसळला की दोन दिवसांत फरक पडतो. अमोनियाचा, नाकाला झोंबणारा वास आला तरी उपाय पाचोळाच, कारण तेव्हा ओल्याच्या मानाने पाचोळा कमी पडलेला असतो. चिलटे झाली तर वरचा थर जाड करावा. करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, अन्न झपाट्याने संपवतात आणि त्यांची प्रौढ माशी घरमाशीसारखी जेवणावर बसत नाही. मटण-मासळीचे उरलेले आणि तेलकट पदार्थ पहिल्या वर्षी कप्प्यात घालू नयेत. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या कुजायला फार काळ घेतात, त्या वेगळ्या काढाव्यात.

एक कप्पा भरायला महिना-सव्वा महिना लागतो, कारण माल रोज खाली बसत जातो. तो भरला की दुसरा, मग तिसरा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार होते. मधल्या अडीच-तीन महिन्यांत इतर कामे मार्गी लावावीत.

मैला आणि पाणी

घरातल्या कचऱ्याबद्दल आपण जितके बोलतो त्याच्या एक दशांशही शौचालयाच्या टाकीबद्दल बोलत नाही, आणि गावांत खरा धोका तिथेच असतो. सेप्टिक टँक ही मैला नाहीसा करणारी वस्तू नाही. जड भाग ती तळाशी धरून ठेवते आणि पाणी पुढे सोडते. तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर मैलाच पुढे वाहू लागतो. टाकीवर फरशी घालून झाकण बुजवू नये, उपशाची तारीख झाकणाजवळच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी आणि टाकीचे सांडपाणी उघड्या नालीत न सोडता शोषखड्ड्यात न्यावे. शोषखड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून अठरा-वीस मीटर तरी लांब हवा.

टाकीत माणूस उतरवू नये. कोणत्याही कारणाने, कितीही कमी वेळासाठी, कितीही अनुभवी माणूस असला तरी उतरवू नये. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच नाहीशी होते, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे समजणे जिवावर बेतते. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात. २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास बंदी आहे. गटारात किंवा टाकीत मृत्यू झाल्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. उपसा यंत्राच्या गाडीनेच करवावा, आणि गाडीवाला तो मैला नाल्यात रिकामा करत नाही ना, हेही विचारून घ्यावे. चार घरांनी एकाच दिवशी गाडी बोलावली तर खर्च वाटला जातो.

पिण्याच्या पाण्याच्या नळाची पाहणी याच दिवसांत करावी. आपल्या बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. इंदुरातही नर्मदेचे पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआडच मिळते. पुरवठा थांबला की नळात शोष निर्माण होतो आणि गळक्या सांध्यातून आजूबाजूचे पाणी आत खेचले जाते. घराची जोडणी नालीतून किंवा गटाराला लागून गेलेली असेल तर त्या सांध्यावाटे आत येणारे पाणी मैल्याचे असते. जोडणी नालीच्या वरून आणि बाजूला घ्यावी. तोवर पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटे ते वापरण्यासाठी भरावे, पिण्यासाठी नव्हे. पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर आधी सर्व शेजाऱ्यांना सांगावे आणि मग तक्रार लिहावी. पाणी उकळून प्यावे ते वेगळेच.

शेजाऱ्यांना कसे सांगावे

१९१७-१८ मध्ये पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदुरात आले, तेव्हा शहर प्लेगने गांजलेले होते. घरे साफ करा असा हुकूम काढण्याऐवजी त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलण्याची घोषणा केली: ज्या गल्ल्यांनी घरे सर्वाधिक झाडून-रंगवून ठेवली असतील, त्यांतून मिरवणूक जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि लोकांनी मार्ग मिळावा म्हणून घरे साफ केली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्यात दंडाची पावती कुठेच नाही.

आमच्याकडे हेच गणेशोत्सवात करता आले. महाप्रसादाला पहिल्या वर्षी केटरिंगवाल्याने थर्माकोलची ताटे आणली, दीडशे पाने उठली आणि दोन पिंप भरून मिसळलेला कचरा दाराशी उभा राहिला. पुढच्या वर्षी ठरवले की घरोघरच्या स्टीलच्या थाळ्या गोळा करायच्या, त्यांच्यामागे रंगाचा ठिपका लावायचा म्हणजे परत देताना गोंधळ होत नाही, पाण्याला तांब्या-भांडे, आणि जेवून उठलेल्याने ताट स्वतः नेऊन खरकटे टोपलीत, मग ताट राखेच्या पाण्यात. टोपलीशेजारी मोठ्या मुलांना उभे केले. ‘आजोबा, भात टोपलीत आणि लिंबाची फोडही टोपलीतच’ असे दहा वर्षांच्या मुलाने सांगितले की कोणी रागावत नाही. निर्माल्य दहा दिवस एका स्वच्छ कापडी गोणीत साठवले, त्यातले दोरे आणि चमकी काढली आणि फुले कप्प्यात घातली. ती आपण वाहिलेलीच आहेत आणि मातीतच मिळणार आहेत, हे गुरुजींनीच सांगितल्यावर ज्येष्ठांचा विरोध मावळला. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल तर घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवून कचरा जागीच वेगळा करावा लागतो, हेही मंडळांनी ध्यानात ठेवावे.

गाडी येते पण सगळे एकत्रच कोंबते, ही तक्रार मी अनेक गावांतून ऐकली आहे. अशा वेळी वेगळे करणे सोडू नये. ओले कप्प्यात गेले, सुके रद्दीवाल्याकडे गेले, तर गाडीकडे द्यायला आठवड्याला एक पिशवी उरते. महिनाभराच्या वजनाची वही घेऊन दहा-बारा घरांनी मिळून स्वच्छता निरीक्षकाला भेटावे. आकडे समोर ठेवले की बोलणे वेगळे होते, कारण त्याच्या वाहनाच्या किती फेऱ्या वाचतील हे त्याला लगेच कळते. इंदुरात २०२२ च्या फेब्रुवारीत बायो-सीएनजीचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून इंधनाचा वायू बनवणारा, प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झाला, पण त्या कचऱ्यात प्लास्टिक शिरले तर यंत्रे अडतात. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा कच्चा माल लाखो ओट्यांवर निवडला जातो. इंदूरच्या देवगुराडिया भागातल्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे शहराचा कचरा टाकण्याच्या मैदानावर, साठलेले लाखो टन जुने कचऱ्याचे डोंगर खणून, चाळून निस्तरावे लागले, ते काही दशके कोणी ओट्यावर निवडले नाही म्हणून.

आता पहिल्या कप्प्याकडे परतावे. नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास ढीग थंड पडलेला, मूळ उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर आलेला आणि काळसर तपकिरी दिसेल. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला आणि भाजी ओळखू येईनाशी झाली की पुढच्या फळ्या काढून खत सावलीत आठवडाभर पसरावे. मग वाळू चाळण्याच्या जाळीतून चाळावे. घरटी दोन-दोन किलो कुंड्यांसाठी वाटावे, उरलेले जवळच्या बागेला किंवा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना द्यावे. कुंडीत एक भाग खत आणि तीन भाग माती यापेक्षा जास्त घालू नये. जाळीवर अर्धवट कुजलेल्या काड्या, कोयींचे तुकडे आणि चिवट देठे उरतात. ती भरड टाकून न देता रिकाम्या झालेल्या कप्प्याच्या तळाशी पसरावी. विरजण तिच्यातच असते, त्यामुळे दुसऱ्या फेरीला शेण आणावे लागत नाही आणि ढीग चार-पाच दिवसांतच तापू लागतो.